सुलभाताईंनी न घेतलेली मतपत्रिका

सुलभाताईंना बसून रागावता येत नसे. राग आला की त्या ताडकन उभ्या राहत. इंग्लंडमधल्या लीड्सच्या इस्पितळात त्यांनी जन्मभर नर्सिंग केले आणि निवृत्तीनंतर इतिहासात एम.ए.ला बसल्या. प्रबंधाचा विषय होता दोन महायुद्धांच्या मधली, एका विद्यापीठ मतदारसंघातली पोटनिवडणूक.

"ताई, विद्यापीठाचा खासदार?" मी विचारले.

"होता ना! पदवीधराला दोन मतं. एक घराच्या पत्त्यावर, दुसरं डिग्रीवर. मतपत्रिका पोस्टानं घरी. आणि त्याचे कपडे धुणाऱ्या बाईला एकच, तेही भांडून मिळवलेलं."

मला त्यात काही गैर वाटले नाही. मी घराण्यातला पहिला पदवीधर. गावाकडे पदवीधर मतदारसंघाच्या यादीत माझे नाव लागले तेव्हा निरक्षर आईने पेढे वाटले होते. म्हणून लीड्समधल्या आमच्या बौद्ध मंडळाची घटना लिहिताना मी कलम घातले : कार्यकारिणीसाठी मतदान फक्त पदवीधर सभासदांना. मताच्या ओढीने मुले शिकतील, असे मला मनापासून वाटले.

सभेत कलम वाचताच ताई उभ्या. "कमलमावशी कुठाय?"

"किचनमध्ये. भाजी बघतेय," कोणीतरी म्हणाले.

"बोलवा. याला तिच्या तोंडावर वाचू दे."

इस्पितळात साफसफाई करणाऱ्या कमलमावशींनीच दारोदार सह्या घेऊन कौन्सिलकडून हा हॉल मिळवला होता. त्या हात पुसत आल्या. सेक्रेटरी हसला, "ताई, तुमच्या तर दोन डिग्र्या. तुमचं काय जातंय?"

"म्हणूनच ओरडतेय, गाढवा!"

"जाऊ द्या ताई," मावशी पुटपुटल्या, "मला कुठं काय कळतंय."

ताईंचा आवाज फाटला. "ऐकलंत? हे तिला कोणी शिकवलं? आपण!"

मी कलम मागे घ्यायला हवे होते. चारचौघांत माघार घ्यायची लाज वाटली. कलम मंजूर झाले.

त्यानंतर दोन निवडणुका झाल्या. ताईंनी मतपत्रिका हातात घेतली नाही. "मावशीला द्याल तेव्हा मला द्या." आम्ही हसून पुढच्याला बोलवत होतो. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ताई गेल्या. श्रद्धांजलीच्या सभेत सगळे रडले आणि तिथेच कलम रद्द झाले. माणूस मेल्यावर पटणाऱ्या आमच्या शहाणपणाचा मला आजही संताप येतो.

यंदा कमलमावशींनी चिठ्ठी पेटीत टाकली आणि माझ्याकडे वळल्या.

"एवढंच होतं? मग ताई असताना का नाही दिलंस, बाळा?"