विमानातून पडलेले सीतारामकाका

आमचे सीतारामकाका विमानातून पडले आणि वाचले, हे रेवदंड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकाहत्तरच्या लढाईत ते वायुदलात माल चढवायच्या कामावर होते. लंगडत गावी परतले, आणि कोणी विचारलं की एवढंच सांगायचे, "विमानातून पडलो." शब्द खरा होता. आभाळ गावानं पदरचं घातलं.

खरा प्रकार मला त्यांचे पेन्शनचे कागद भरताना कळला. विमान जमिनीवर उभं होतं. काका बटाट्याचं पोतं घेऊन त्याच्या दारात आले आणि नेमका तेव्हाच रसदीचा एक ट्रक मागे येत येत शेपटीवर आदळला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! काका खाली, पोतं वर. उंची चार फूट. पाय मोडला, आणि प्लास्टर निघायच्या आत लढाईच संपली. उडणं राहिलं ते राहिलंच. "कुणाला बोलू नको," काका म्हणाले. मी शिक्षक, मला खोटं सहन होत नाही. पण पुतण्याही आहे, तेव्हा मूग गिळून बसलो.

यंदा अडचण झाली ती काकींमुळे. जयमालाकाकींना डोळे मिटायच्या आत एकदा दीक्षाभूमी बघायची होती. गुडघे असे, की नागपूरपर्यंत रेल्वेनं जाणं अशक्य. त्यांच्या मुलानं, अजितनं, विमानाची तिकिटं काढली आणि सोबतीला मला जोडलं. काकींनी आधी साफ नकार दिला, मग स्वतःच तोड काढली.

"हे बाजूला बसले तर येते. आभाळातून पडून जे जगले, त्यांच्याजवळ भ्या कसलं?"

आता खरं सांगावं तर काकी घरातून हलणार नाहीत, दीक्षाभूमी राहणार. न सांगावं तर बायकोला फसवून नेल्यासारखं. आठ दिवस काकांनी मला छळलं, "सांगू का रे?" मी रोज वेगळं उत्तर दिलं.

विमानात काकांना पट्टा लावता येईना. काकी बघत राहिल्या. विमान धावपट्टीकडे निघालं तशी त्यांनी विचारलं, "अवो, पडलात तवा किती वर होतात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"चार फूट," ते म्हणाले. "इमान उभं होतं. मी कधी उडलोच न्हाय गं."

आता ही बाई विमान थांबवते, असं मला वाटलं.  काकी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "पन्नास वर्सं गंडवलंत व्हय मला!"

हसू ओसरल्यावर त्यांचं लक्ष काकांच्या हाताकडे गेलं. बोटं खुर्चीच्या दांड्यात रुतली होती. विमानानं वेग घेतला. मला फार बरं वाटलं ते पुढचं बघून: काकींनी ती बोटं आपल्या मुठीत घट्ट धरली.

"मिटा डोळे," त्या म्हणाल्या. "मी हाय ना."