वखराची पास, दिलीपभाऊंची बोंब आणि माझी सही

दिलीपभाऊंना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हा अंक निघत आहे. अंक काढणाऱ्या मंडळींनी मला सांगितलं, आजी, मानाचं लिहा, शुद्ध लिहा. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढची अक्षरं मी म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात शिकले. बोलताना ‘मले’ म्हणते, लिहिताना ‘मला’ लिहीन. कुठं घसरले तर सांभाळून घ्या. आनंद एवढा झाला आहे की सकाळपासून दोनदा चहा उतू गेला. पण रागही आहे, आणि तोही मी लिहिणार आहे, कारण रागाशिवाय दिलीपभाऊंबद्दल लिहिणं म्हणजे मिठाशिवाय भाकर.

आमची पहिली ओळख लोहाऱ्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात झाली. आम्ही बाया कापसातली कवडी निवडायला बसायचो. कवडी म्हणजे किडक्या बोंडातला पिवळा, कडक कापूस. दिलीपभाऊ तिथं मिस्त्री म्हणून नवीनच आले होते. एक दिवस त्यांनी चालू मशिनीला पेचकस टेकवला, त्याची मूठ कानाशी धरली आणि सगळी जिनिंग बंद करायला लावली. मॅनेजर धावत आला, काहून बंद केली म्हणून ओरडला. दिलीपभाऊ म्हणाले, “बेअरिंग रडून राह्यलं साहेब. तुमाले ऐकू येत नाही, मले येते.” आम्ही पदरात तोंड घालून हसलो. शेजारी बसलेली कमलाबाई मला म्हणाली, याची बायको घरी बोलत नसन, म्हणून हा मशिनीचं ऐकते. उघडून पाहिलं तर आतल्या गोळ्या फुटलेल्या. आणखी थोडा वेळ चालली असती तर पट्टा तुटून आमच्याच अंगावर आला असता. आभार कोणी मानले नाहीत. मॅनेजरनं उलट त्यांनाच दोन शब्द सुनावले.

मग बोंडअळीची वर्षं आली. कापसाला भाव नाही, बोंडात अळी, जिनिंग दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि संक्रांतीला बंद पडायची. दिलीपभाऊ पन्नाशीला आले होते आणि घरी बसले होते. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी, माऊली बाई, त्यांच्या हातचं आंबाडीचं सरबत एकदा प्यावं, पण ते राहू द्या. तरुणपणी नागपूरला आयटीआयमध्ये असताना दिलीपभाऊ चार दोस्तांबरोबर गिटार वाजवायचे. लग्न झालं, नोकरी लागली, गिटार रजईच्या खोळीत घालून माळ्यावर गेली. ती वहिनींनीच खाली काढली. म्हणाल्या, “तुमी दिवसभर चूप बसता, मले भेव वाटते. हे घ्या, काय तं वाजवा.”

पुढची चूक माझी. गल्लीत मी ऐकलं की दिलीपभाऊ आता हेवी मेटल करून राह्यले. मला वाटलं, जड लोखंडाचं काम धरलं असेल. मिस्त्री माणूस, दुसरं काय धरणार. आमच्या वखराची पास, म्हणजे माती खरडायचं लोखंडी पातं, मधातून तडकली होती. ती डोक्यावर घेऊन मी त्यांच्या दारात गेले. आतून असा आवाज आला की मी म्हटलं, यांनी घरातच जिनिंग टाकली. त्यात एक माणूस बोंबलत होता. शिमग्याला आपण होळीपुढं तोंडावर हात मारून बोंबलतो तसं नाही, पोटातून, गुरगुरत. मी वहिनींना म्हटलं, कोण मेलं? वहिनी म्हणाल्या, “कोनी नाही मेलं आजी, हे गाऊन राह्यले.”

मी पास पुढं केली आणि जोडून द्या म्हटलं. दिलीपभाऊंनी ती सुतळीनं दाराच्या चौकटीला टांगली, हातोडीनं एक ठोका दिला आणि डोळे मिटून उभे राहिले. म्हणाले, “आजी, जोडून देतो. पण जोडायच्या आधी इचा आवाज घेऊ द्या.” आवाज घेतला, मग पास जोडून स्वतः घरी आणून दिली. तिच्यानं आम्ही पुढं तीन हंगाम वखरणी केली, आणि तिचा तडकलेला आवाज त्यांच्या पहिल्या रेकॉर्डच्या पहिल्या गाण्यात आहे. ऐका, टण् म्हणून पहिला ठोका पडतो, तो आमच्या शेतातला आहे.

ती रेकॉर्ड त्यांनी कोणत्याही कंपनीकडून काढली नाही. नागपूरचा एक जण आला होता. म्हणे, थोडं गोड करा, वरातीत चालेल असं. दिलीपभाऊंनी त्याला चहा पाजला आणि बसस्टँडपर्यंत सोडून आले, एवढंच. रेकॉर्ड घरातच केली, आणि खोलीतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बारदानात कवडी भरून ती पोती भिंतीला लावली. जो कापूस कोणी हातात धरत नव्हतं, त्याचा त्या वर्षी तेवढाच उपयोग झाला. लोक हसले. जावई यायच्या वयात केस वाढवले म्हणाले. हसणाऱ्यांतले अर्धे लोक आज या अंकात लेख लिहीत आहेत. मी नावं घेत नाही.

आता रागाचं.

पिकावर मारायच्या विषाला आमच्याकडे औषध म्हणतात. बाटलीवर कवटी काढलेली असते, तरी औषध. हा शब्द ज्यानं काढला त्याला मला एकदा भेटायचं आहे. एका वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. माझा मुलगा श्रावण दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणीला जायचा. खालून वर फवारायचं, म्हणजे ते सगळं तोंडावरच येणार. त्यानं हातमोजे मागितले होते, मालकानं दुपट्टा बांध म्हटलं. चौथ्या दिवशी श्रावणला डोळ्यांपुढं धुकं दिसायला लागलं, मग उलट्या, मग यवतमाळचा दवाखाना. पोरगा वाचला. एका डोळ्यापुढचं धुकं अजून गेलं नाही.

दवाखान्यात एक साहेब कागद घेऊन आले आणि खाली अंगठा लावा म्हणाले. मी म्हटलं, अंगठा कायले, मले सही येते. साहेब म्हणाले, वा आजी. मी सावकाश, काना-मात्रा न चुकता, वळणदार सही केली. त्या वेळी मला किती बरं वाटलं, ते आठवलं की आज स्वतःच्याच हातावर मारावंसं वाटतं.

सरकारी मदतीसाठी कचेरीत गेले तर खिडकीतल्या बाबूनं तोच कागद दाखवला आणि परत पाठवलं. मी त्याची नक्कल घेऊन दिलीपभाऊंकडे गेले. त्यांनी आधी मनात वाचला, मग मोठ्यानं वाचला: फवारणी करणाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. खाली माझी सही.

दिलीपभाऊंनी विचारलं, “आजी, वाचलं नव्हतं काय?”

मी म्हटलं, “सही केली, भाऊ. वाचलं नाही.”

जाऊ द्या, असं ते म्हणाले नाहीत. रडू नका, असंही म्हणाले नाहीत. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मी त्यांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावला, माझ्या तोंडात नीट बसेपर्यंत. मग त्यांनी घरी येऊन श्रावणला विचारलं, तुझ्यावर गाणं केलं तर चालेल काय. श्रावण म्हणाला, माझ्यावर नका करू, त्या शब्दावर करा. तसं केलं:

मापलं कोणी, मिसळलं कोणी,
पाठीवर टाकी चढवली कोणी,
निष्काळजी कोण?

शेवटची ओळ ते गुरगुरतात आणि त्याच्यावर एक बोंब आहे, तोंडावर हात मारून, अस्सल शिमग्याची. ती माझी. माझी नातवंडं शाळेत सांगतात की आमची आजी मेटलमध्ये आहे. मास्तरांना वाटतं, भंगाराचं दुकान आहे.

पुढच्या साली एका उत्सवात दिलीपभाऊंना मोठ्या स्टेजवर बोलावलं. खर्च फवारणीच्या औषधाच्या एका दुकानदाराचा होता. तो घरी आला आणि म्हणाला, सगळे गाणे वाजवा, ते एक सोडून. मी तिथंच बसले होते. दिलीपभाऊ म्हणाले, “श्रावणच्या कागदावरून तो शब्द खोडून आणा, मी बी गाण्यातून खोडतो.” दुकानदारानं विचारलं, तुमाले स्टेज नको काय? “पाहिजे,” दिलीपभाऊ म्हणाले, “लय पाहिजे.” आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते स्टेज गेलं. मी म्हटलं, भाऊ, माह्यासाठी नका सोडू. ते माझ्यावरच चिडले. “तुमच्यासाठी नाही आजी. मले रडणं ऐकू आलं तं मी मशीन चालू ठेवत नाही.”

त्याच दुपारी बंद जिनिंगच्या आवारात, जिथं कापसाचे ढीग पडायचे तिथं, त्यांनी वाजवलं. श्रावण काळा चष्मा लावून सगळ्यांच्या पुढं उभा होता. माझी बोंब इतकी लांब गेली की रस्त्यावरची एसटी थांबली. कंडक्टर उतरून आला आणि गाणं संपेपर्यंत उभा राहिला.

दिलीपभाऊ नुसतं ओरडून थांबले नाहीत. तो शब्द काढा म्हणून त्यांनी अर्ज लिहिला, पण मला सही करू दिली नाही. आधी वाचा म्हणाले. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. ‘प्रतिबंधात्मक’वर अडले, परत मागून आले. त्यांचा चहा गार झाला, तरी ते बसून राहिले, एकही अक्षर पुढं होऊन सांगितलं नाही. तसे चार अर्ज झाले. कचेरीत विचारलं की सांगतात, चौकशी चालू आहे. तो शब्द आजही कागदावर आहे.

म्हणून दिलीपभाऊ, तुम्हाला माझ्या मनापासून आशीर्वाद. तुमचा गळा शाबूत राहो. ज्येष्ठमध पाठवते आहे, चघळत जा. कानात बोळे घालत जा, कापूस आपल्याकडे पुष्कळ आहे. वहिनींच्या हातचं खात सुखानं म्हातारे व्हा. तो शब्द खोडला जाईल तेव्हा तुम्ही उभे असावं, हातात गिटार असावी, आणि त्यानंतरही ओरडण्यासारखं काही उरलंच, तर त्यालाही तुम्ही पुरून उरावं.

हा लेख मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचला आहे. खाली सही करते.

शेवंताबाई
लोहारा