तांबड्या समुद्राकाठचं मूल

बेळगावच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने काढलेलं चित्र दारासमोरच लावलं होतं. समुद्र तांबडा, आभाळ पिवळं आणि काठावर एक मूल. चेहरा हिरवट, डोळे ओघळलेले, तोंडाच्या जागी नुसतं काळं भोक. अण्णाने आग्रहाने बोलावलं म्हणून मी रामनगरहून सकाळच्या बसने गेले होते.

ते मूल मी होते. बघताक्षणी कळलं.

मी दुसरीत असताना आई आजारी पडली. जोयड्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा अणशीचा घाट उतरून तिला जीपमधून कारवारला नेलं. एका संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, अण्णाला बाजूला घेऊन काही सांगितलं आणि मला जरा फिरवून आणायला लावलं. तो तेव्हा कॉलेजात जायच्या वयाचा. आम्ही समुद्रावर गेलो. मी समुद्र पहिल्यांदाच बघत होते. सुपा धरणाचं पाणी तेवढं ओळखीचं, पण ते कधी असं अंगावर येत नाही. मी लाटांशी खेळत होते, तेव्हा अण्णा म्हणाला, "आई गेली. आता ती यायची न्हाई."

मी रडत त्याच्याकडे धावले. त्याने हात पुढे करून मला अडवलं. "तिथंच ऱ्हा. हलू नको."

त्याच्या हातात आईच्या एक्स-रेचं पाकीट होतं. त्यावर तो पेन्सिलीने मला काढू लागला. थोरल्या भावाने सांगितलं की ऐकायचं, एवढंच मला कळत होतं. लाट गुडघ्यापर्यंत आली तरी मी उभी राहिले. उजेड गेल्यावर तो उठून चालू लागला. मी मागून गेले.

हॉलमध्ये एक बाई मैत्रिणीला अभिव्यक्तिवादी शैली, म्हणजे दिसतं तसं नाही तर मनाला वाटतं तसं रंगवणं, समजावून सांगत होत्या. मग त्यांनी अण्णाला विचारलं, हे मूल कोण? मी शेजारीच उभी होते.

"मीच," अण्णा म्हणाला. "आई गेली त्या दिवशीचा मी."

बाईंचे डोळे भरून आले. अण्णाने मग माझी ओळख करून दिली, ही धाकटी बहीण, तेव्हा फार लहान होती, हिला काही आठवत नाही.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी त्याला विचारलं, "अण्णा, त्या दिवशी पाण्यात उभं कोन ऱ्हायलं व्हतं?"

त्याने कप गाड्यावर ठेवला. मग म्हणाला, "माझी पन आईच व्हती ती."

खरंच होतं. त्याला रडता आलं नसेल, म्हणून त्याने माझं रडणं घेतलं. पण घेतल्यावर ते माझं आहे, एवढं तरी सांगायचं होतं.

ते चित्र आता कुणाच्या तरी दिवाणखान्यात आहे. यंदा आईच्या श्राद्धाला अण्णा आला. मी पान वाढलं, तो जेवला. जेवण झाल्यावर माझ्या मुलीला म्हणाला, अशी पायरीवर बस, तुझं चित्र काढतो. मी तिला हाक मारून आत घेतलं.

त्यानंतर त्याचा फोन नाही. मीही केलेला नाही.