भडगावच्या कब्रस्तानातलं रेकॉर्डिंग

इथले सगळ्यांचे अनुभव मी बरेच महिने नुसते वाचत होतो. खरं सांगायचं तर अर्ध्याअधिक गोष्टींवर मनातल्या मनात हसतही होतो... कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाला पिंपळाखाली बाई दिसते. माझी नोकरी जळगाव एमआयडीसीत, प्लास्टिकच्या चटया बनवणाऱ्या कारखान्यात, मशीन मेन्टेनन्सला. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच – बेल्ट, बेअरिंग, नाहीतर कुठंतरी सुटलेली वायर. कारण सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाकी आयुष्याबद्दलही माझं मत साधारण हेच होतं. त्यामुळे जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, रंगवून नाही.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हे पिढ्यानपिढ्यांचं काम. मूळ गाव भडगाव, गिरणेच्या काठावर. माझा जन्म मात्र जळगावचा, शाळा मराठी. अहिराणी कानावर पडते, समजते, पण बोलायला गेलो की लोक हसतात. उर्दू तर मी अगदी अलीकडे, चाळिशी उलटल्यावर शिकलो. अरबी अक्षरं लहानपणी मशिदीत शिकवलेली होती, त्या आधारावर. अजूनही पहिलीतल्या पोरासारखं अक्षराला अक्षर जोडत वाचतो.

अब्बा गेले तेव्हा त्यांच्या कबरीवर कतबा – म्हणजे नाव कोरलेला दगड – लावायचा होता. कोरणाऱ्यानं अब्बांच्या वडिलांचं नाव विचारलं, मी सांगितलं. उस्मान पिंजारी. मग त्याच्या वडिलांचं? मला येईना. आजीचं नाव हाजराबी, एवढं ठाऊक होतं, पुढे सगळा अंधार. घरी येऊन मी बायकोला, नसीमला म्हटलं, आपली माणसं कोण होती हेच आपल्याला माहीत नाही. तिथून हा नाद लागला. सुट्टीच्या दिवशी जुन्या कब्रस्तानांत जायचं, दगडांवरची नावं वाचायची, फोटो काढायचे आणि आपल्या घराण्याशी कुठं धागा जुळतो का पाहायचं. एरंडोल, पाचोरा, धुळ्याचं जुनं कब्रस्तान, सगळीकडे हिंडलो. दगडावर पाणी शिंपडून मऊ ब्रश फिरवला की झिजलेली अक्षरं थोडी वर येतात. पण दुपारच्या उन्हात फोटो पांढरा पडतो, म्हणून मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून तो खिशात ठेवतो आणि मोठ्यानं वाचत जातो. नाव, कुणाचा कोण, तारीख. तारीख पुसली असेल तर 'तारीख नाही' असं म्हणतो आणि पुढे सरकतो.

या सगळ्याची खरी वाट पाहणारं माणूस होतं अमळनेरला. माझी झुबेदा फुफी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण. आता ऐंशीच्या पुढे. अब्बांच्या बाळंतपणात दादी, म्हणजे हाजराबी, वारली. फुफी तेव्हा सहा-सात वर्षांची. त्या दिवशी तिला शेजारच्यांकडे ठेवलं होतं. संध्याकाळी घरी आणलं तर आईची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली, आणि कोपऱ्यात दुपट्यात गुंडाळलेला भाऊ. त्या भावाला तिनंच वाढवलं. शेवया करताना, भाकरी थापताना, तो हिच्या कडेवरच. थोड्याच दिवसांत दादा, म्हणजे माझे आजोबा, कामासाठी दोन्ही लेकरांना घेऊन अमळनेरला आले आणि भडगाव सुटलं ते सुटलंच.

आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. त्यामुळे आई कुठं आहे हे फुफीनं कधी पाहिलंच नाही. दादांना विचारायची तर ते 'नदीकडं' एवढंच म्हणायचे. मी दगड वाचायला लागलो हे कळल्यापासून मी भेटलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला – 'सापडनी का रे बेटा?' मी तिला समजावून सांगितलं होतं, की त्या काळी गरिबाच्या कबरीवर कोण नाव कोरणार? दगडच नसेल तर मी वाचणार काय? ती मान हलवायची, आणि पुढच्या वेळी परत तेच विचारायची.

थंडीचे दिवस होते, रविवार. पाचोऱ्यावरून एसटीनं भडगावला पोचलो. कब्रस्तानाचा नदीकडचा भाग सगळ्यात जुना. तिकडची भिंत पुरात बरीचशी गेलेली आहे, खाली थेट गिरणेची वाळू दिसते. कब्रस्तानात मी एकटाच होतो. बकऱ्या चरत होत्या, पलीकडच्या शेतात कुणीतरी ट्रॅक्टर चालवत होतं. भीतीचं वातावरण वगैरे काही नव्हतं, उलट ऊन छान लागत होतं. मी दगड वाचत वाचत भिंतीपर्यंत आलो. एका हकीमसाहेबांचा दगड वाचला. त्याच्या पुढचा दगड एका लहान मुलाचा होता. या दोन्हींच्या मध्ये थोडी मोकळी जागा होती. तिथं बसलो, बाटली काढून पाणी प्यालो, नदीकडे बघत राहिलो. रेकॉर्डिंग खिशात चालूच होतं. मग उठून त्या मुलाचा दगड वाचला आणि दुपारच्या गाडीनं परत निघालो. एवढंच... बसल्यावर मी एक शब्दही बोललो नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत इअरफोन लावून ऐकायला बसलो. माझाच अडखळता आवाज. हकीमसाहेबांचं नाव झालं, तारीख झाली. मग माझे बसतानाचे हुंकार, बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज. त्यानंतर –

'हाजराबी. उस्मान पिंजारी यांची बायको. तारीख नाही.'

माझाच आवाज. पण कुठंही अडखळणं नाही, अक्षर जोडणं नाही. जणू रोजची ओळख असलेलं नाव घ्यावं तसं. मग थोडी शांतता, बकरीच्या गळ्यातली घंटा... आणि परत माझाच आवाज, पण हळू –

'मन्ही पोर जेवनी का?'

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो – माझी मुलगी जेवली का?

लगेच पुढे तो मुलाचा दगड, आणि माझं नेहमीचं अडखळत वाचणं.

पहिला विचार हाच आला, की आपणच बोललो असू आणि विसरलो असू. उन्हात बसलं की माणूस स्वतःशी पुटपुटतो. मी परत ऐकलं. तेव्हा लक्षात आलं, की ते नाव उच्चारलं जातं तेव्हा मागं गटगट पाणी पिण्याचा आवाज येतोय. माझा घसा वाजतोय आणि त्याच क्षणी माझाच आवाज बोलतोय... एक माणूस पाणी पिता पिता असं स्वच्छ बोलू शकत नाही. करून पाहा.

आमच्या इथले इलेक्ट्रिशियन पाटील, सगळे त्यांना नाना म्हणतात, धरणगावकडचे आहेत. काही न सांगता त्यांना ऐकवलं. आवाज माझाच, यात त्यांना शंका वाटली नाही. एका फाइलवर दुसरी चढली असेल, असं ते म्हणाले. मला ते पटलं, म्हणजे पटावं असं वाटलं. पण हे वाक्य असलेली दुसरी फाइल मी कधी केलीच नव्हती. नानांनी शेवटचं वाक्य पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग एवढंच म्हणाले, की तू अहिराणी बोलतोस तेव्हा आम्हाला हसू येतं, याच्यात हसण्यासारखं काही नाही, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया असंच बोलतात.

पुढच्या रविवारी मी परत गेलो. त्या दोन दगडांच्या मधली जागा नीट पाहिली. गवत बाजूला केल्यावर खचलेली जमीन दिसली, आणि डोक्याशी-पायाशी रोवलेले दोन साधे काळे दगड. कबर होती. मी आदल्या खेपेला तिच्या कडेलाच बसलो होतो. दोन्ही दगडांवर पाणी टाकलं, ब्रश फिरवला, बोटांनी चाचपलं. एकही अक्षर नव्हतं, पूर्वी असल्याची खूणसुद्धा नाही. कब्रस्तान सांभाळणाऱ्या चाचांना विचारलं, तर त्यांनाही काही माहीत नव्हतं. नदीकडचे सगळे जुने, एवढंच त्यांनी सांगितलं.

आता प्रश्न होता फुफीला सांगायचं की नाही. मला स्वतःलाच जे पटत नव्हतं ते तिला कसं ऐकवायचं? उद्या ही मोबाइलची काहीतरी गडबड निघाली तर? म्हातारीनं आयुष्यभर वाट पाहिली, तिला खोटी आई दाखवणं मला पाप वाटत होतं. नसीमचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, 'तुम्हाला समजलं नाही म्हणून ते तुमचं होत नाही. ज्याचं आहे त्याला देऊन टाका.'

आम्ही दोघं अमळनेरला गेलो. फुफी ओसरीवर उन्हात बसली होती. मी आधी काहीच सांगितलं नाही, भडगावचं रेकॉर्डिंग आहे, एवढंच म्हणून मोबाइल तिच्या कानाशी धरला. हाजराबी हे नाव आलं तशी तिनं घसरलेली ओढणी डोक्यावर नीट घेतली, वडीलधारं कुणी समोर आल्यावर घेतात तशी. मग ते वाक्य आलं. परत लाव, अशी तिनं हातानंच खूण केली. मी परत लावलं. ते संपल्यावर ती म्हणाली,

'आवाज तुना शे बेटा. बोलनं तुनं नही.'

आवाज तुझा आहे, बोलणं तुझं नाही. मग तिनं जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. अब्बांनाही तिनं सांगितलं नसावं. दादी गेली त्या दिवशी जी दाई होती, ती नंतर कितीतरी वर्षं सगळ्यांना कौतुकानं सांगायची – बाईनं शेवटी फक्त 'मुलगा आहे ना?' एवढं विचारलं आणि समाधानानं डोळे मिटले. लोक वाहवा करायचे. फुफी तिथंच बसलेली असायची, भावाला मांडीवर घेऊन. तिच्या मनात यायचं, की आईनं माझं नाव घेतलं नाही. एवढ्या वर्षांत हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. भावाचा रागही केला नाही. पण त्या दिवशी शेजारच्या घरात, सगळ्या गडबडीत, तिला कुणीच जेवायला वाढलं नव्हतं. ती रात्र तिनं उपाशी काढली होती. तेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

नसीम रडत होती. फुफी नाही रडली. तिनं मला विचारलं, की नदीतून ती जागा दिसते का?

दिसते. मी गाडी सांगितली आणि तिला भडगावला नेलं. गुडघे धरलेले, तरी वाळूतून आमच्या दोघांच्या आधारानं चालत आली. पडलेल्या भिंतीखाली, नदीच्या अंगाला, मी सतरंजी टाकली. वर ते दोन काळे दगड अर्धेअर्धे दिसत होते. मी बोटानं दाखवले. फुफी नुसती बघत बसली. दुआ मागितली. आम्ही थोडं बाजूला जाऊन उभे राहिलो, तरी तिचं बोलणं ऐकू आलं. एखाद्या पोरीनं बाहेरून घरात हाक घालून सांगावं, अशा स्वरात ती म्हणाली,

'जेवनू वं माय. बठ्ठास्ले जेवाडीसन जेवनू.'

जेवले गं आई... सगळ्यांना जेवू घालून जेवले.

परत येताना गाडीत तिला गाढ झोप लागली, नसीमच्या खांद्यावर. अमळनेर आलं तरी उठवावंसं वाटेना.

आता या सगळ्याचं स्पष्टीकरण... माझ्याकडे नाही. फाइल अजून आहे. मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवली, आवाजाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला पाठवली. त्याला कुठं जोड सापडला नाही. ती हाजराबीची कबर आहे याचाही माझ्याकडे पुरावा नाही. मीच बोललो असेन, असं अजूनही कधीकधी म्हणतो, आणि मग ते पाणी पिण्याचं आठवतं. मुलगी उपाशी होती हे तर मला माहीतच नव्हतं, ते कुठून आलं? बऱ्याचदा मी त्यावर डोकं चालवायचं सोडून देतो.

एक गोष्ट मात्र लिहूनच टाकतो, कारण ती नसीमलाही सांगितलेली नाही. जळगावच्या कब्रस्तानात अब्बांच्या कबरीवर दगड लागलाय, त्यावर सगळं नीट कोरलेलं आहे, वाचण्यासारखं नवीन काही नाही. तरी मी कामावरून येताना अधूनमधून तिथं थांबतो. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करतो, कबरीच्या कडेला बसतो आणि गप्प राहतो. घरी येऊन इअरफोन लावून सगळं ऐकतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुढे न ढकलता. पोपट ओरडतात. रस्त्यावरून टेम्पो जातो. मध्येच मी खोकतो.

अजून काही आलेलं नाही. ती रेकॉर्डिंगं मी पुसत नाही.