कोरडा कोळसा

कोळसेबाबा विहिरीत उतरण्यापूर्वी विहिरीला नमस्कार करीत नसत, कोळशाला करीत. साखरखेर्ड्याच्या पंचक्रोशीत बंद पडलेल्या विहिरींचा गाळ काढणे हा त्यांचा व्यवसाय. अशा विहिरींच्या तळाशी जड हवा साचते आणि उतरलेला माणूस शब्दही न काढता खाली बसतो, हे सर्वांना ठाऊक होते. ती हवा काढण्याची विद्या मात्र एकट्या बाबांपाशी होती.

बाभळीचा कोळसा ते भट्टीत लाल करीत, मडक्यात झाकून निववीत आणि जाळीच्या टोपल्यांतून विहिरीत सोडीत. मग दिवा सोडायचा. तळाशी ज्योत सरळ राहिली की बाबा उतरत. "कोळसा चांगल्या हवेले हात लावत नाही, महाराज," ते मला सांगत. "मेलेली तेवढी उचलते. आपल्याले जमते का असं?" वापरलेला कोळसा पुन्हा भट्टीत जाई. "पोट भरलं त्याचं. तापवलं का मोकळं होते."

पावसाची सर आली, तर अंगावरचे घोंगडे काढून ते टोपलीवर घालीत. "मी वाळतो," एवढेच म्हणत. मी कधी कारण विचारले नाही.

ते खाली असताना वरचा माणूस मधून मधून हाक देई, "बाबा, आहा का?" खालून "हाव" येई. एकदा कोणी थट्टेने विचारले, "बाबा, जेवले का?" खालून उत्तर आले, "तुह्या घरचं नाही."

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. मी पुजारी असलेल्या महादेवाच्या देवळाची विहीर पुन्हा वाहती करण्याचे गावाने ठरवले. मुहूर्त मी काढला. बाबांनी टोपल्या भरून काठावर मांडल्या आणि ते दिवा आणायला गेले. देवाच्या विहिरीत जाणारी वस्तू शुद्ध असावी, या भावनेने मी मंत्र म्हणत कलशातले तीर्थ एकेका टोपलीवर ओतले.

बाबा परतले. त्यांनी कोळशात हात घातला, बोटे चोळली.

"महाराज, भट्टी पुन्हा लावा लागते. उद्या उतरू."

"मुहूर्त आजचा आहे, बाबा."

भोवती गाव जमले होते. चारचौघांत माझा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. त्यांनी तोच कोळसा सोडला, तासभर वाट पाहिली आणि मग दिवा सोडला. तळाशी ज्योत विझली नाही, पण बारीक झाली. "कमीच वाटून राह्यलं," ते स्वतःशीच म्हणाले. मी सूर्याकडे पाहत होतो. त्यांनी कमरेला दोर बांधला.

"बाबा, आहा का?"

"हाव."

गाळात पहिले फावडे पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या हाकेचा "हाव" फार लहान होता. तिसरा आलाच नाही. दोर ओढून त्यांना वर काढले, तेव्हा श्वास थांबला होता.

पुढे शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी मला समजावले. त्या हवेला कर्बद्विप्राणिद वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, म्हणतात. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत तो धरला जातो. ती छिद्रे पाण्याने भरली की वायूला जागा उरत नाही. मी त्याच पावली बाबांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी भट्टीपाशी बसल्या होत्या.

"त्याईले तर सारं समजत होतं," त्या म्हणाल्या. "मंग काऊन उतरले, महाराज?"

मी तीर्थाची आणि मुहूर्ताची हकिगत सांगितली. मडक्याचे झाकण काढून त्यांनी कोळशाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. "त्याईच्या हातचा हा शेवटचा. आता तुमी जपा."

तो तुकडा माझ्या देवघरात आहे. देवांना रोज स्नान घालतो. त्या वेळी तो उचलून उंच फळीवर ठेवतो आणि हात पुसल्याशिवाय त्याला शिवत नाही.