सगळेच सातवर

ऑफिसात त्यांना हवालदार म्हणत. चौकातले नव्हेत, चिपच्या आतले. नखाएवढ्या चिपमध्ये चौदा विभागांची माहिती एकाच वाटेने ये-जा करते. कोणाला आधी सोडायचं, कोणाला थोपवायचं, हे शून्य ते सात अशा आकड्यांत ठरवून देणं ही त्यांची एकोणीस वर्षांची नोकरी. सात म्हणजे सर्वांत तातडीचं.

माणूस भिडस्त. दारात आलेल्या विक्रेत्याला नाही म्हणता न आल्याने घरात तीन व्हॅक्यूम क्लीनर होते.

ही चिप मोटारीत बसणार होती. नकाशावाले आले, म्हणाले, आमचं तातडीचं. दिले सात. गाणीवाल्या बाई म्हणाल्या, गाणं अडखळलं तर गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी बोंबलेल. सात. महिन्याभरात चौदाही विभाग सातवर होते आणि सगळे त्यांचे आभारी होते. त्यांतच मागचा कॅमेरा होता. सात खरोखर हवे होते ते त्यालाच.

चाचणीत सगळे सात एकदम वाटेत घुसले, कॅमेरा मागे अडकला आणि गाडी मागे घेताना पडद्यावरचं चित्र गोठलं. काही तासांतून एकदा, पाऊण सेकंद. तेवढ्यात गाडीमागे कोण कोण येऊ शकतं याची हवालदारांनी मनात यादी केली आणि डबा न खाताच बंद केला.

आराखडा कारखान्यात जायला तीन दिवस होते. मग आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि विभागप्रमुखाच्या संमतीशिवाय कोणाचाही आकडा उतरवता येत नसे.

"बाई, तुमचं पुढचं चार सेकंदांचं गाणं आधीच साठवलेलं असतं. तीनवर या. कोणाला कळणारही नाही."

"मग सातवरून तीनवर का आलो, हे वरती काय सांगू?"

"पाया पडतो तुमच्या."

"भाऊ, आधी नकाशावाल्यांच्या पडा. ते उतरले तर मी उतरते."

नकाशावाल्यांनी विचारलं, बाई उतरल्या का?

तिसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे उभे राहिले.

"पाऊण सेकंदच ना? माणूस आरशात बघेल की."

"साहेब, चित्र थांबलंय हेच त्याला कळत नाही. मागे मोकळं दिसतं."

"हवालदार, एकोणीस वर्षांत तुम्ही कोणाला अडवलं नाहीत. आता मलाच अडवता? करा आराखड्यावर सही."

त्यांनी केली.

गाड्या रस्त्यावर येऊन दीड वर्ष झालं. हवालदारांच्या इमारतीत तसल्या दोन आहेत. सकाळी त्या निघताना ते खाली, गाडीच्या मागे हात वर करून उभे असतात.

"काका, कॅमेरा आहे हो. कशाला त्रास घेता?" शेजारी म्हणतो.

"थांब," हवालदार म्हणतात. गाडी थांबते. मागून एक सायकल जाते.

"अहो, चहा गार झाला," बायको खिडकीतून म्हणते. "गाडी त्यांची, डोळे त्यांचे. तुम्हाला नसती उठाठेव."

"एवढी एक जाऊ दे."

इमारतीत तसल्या दोन. एकूण विकल्या गेल्या चाळीस हजार. हा आकडा त्यांनी बायकोला सांगितलेला नाही.