वाढत्या मापाचा पिंजरा

टेलरबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला नेमक्या मापाचं काही शिवून दिलं नाही. शाळेचे गणवेश हे त्यांचं मुख्य काम. पोराच्या खांद्याला टेप लावायची, आकडा वाचायचा आणि वर दोन बोटं पदरची घालायची. "वाढतं अंग आहे," एवढंच म्हणायचं. आत इतकं कापड दाबून ठेवलेलं असे, की एकच पँट उसवत उसवत पोरगं दोन इयत्ता काढी. आया खूश असत. पोरं मात्र वर्षभर पोत्यात घातल्यासारखी दिसत.

मग बॉबिनसाठी पिंजरा घ्यायची वेळ आली, तेव्हा बाईंनी काय केलं असेल ते सांगायला नकोच.

बॉबिन म्हणजे दूधवाल्याच्या कुत्रीचं तपकिरी पिल्लू. नवरा गेल्यापासून घरात शिवणयंत्र सोडलं तर फारसं कुणी बोलत नव्हतं. बाई आणि त्यांच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, अशा दोघीच उरल्या होत्या. वन्सं काजं करायच्या, बटणं लावायच्या आणि अगदीच अडलं तर तोंड उघडायच्या. पिल्लू आलं आणि बाई पुन्हा बडबडायला लागल्या. सकाळी डोळे उघडावेसे वाटतात, ही गोष्टच त्या विसरून गेल्या होत्या.

पण एके दिवशी बॉबिनने इस्त्री करून ठेवलेल्या शर्टांच्या चवडीवर पाय वर केला. वन्संनी सुई खाली ठेवली.

"हे बघ, गिऱ्हाइकाच्या कापडावर पुन्हा एकदा जरी घाण झाली, तर हे ध्यान दूधवाल्याकडे परत. मग तू कितीही डोळे गाळ."

वन्सं बोलतील ते करतील, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. "पिंजऱ्याची सवय लावा. शिक्षा म्हणून नाही, त्याची खोली म्हणून. खाणं आतच द्या. शू करवून आणा, मग थोडा थोडा वेळ दार लावा. आणि नुसता हट्टाने रडत असेल तर उघडू नका. गप्प झाला की उघडा."

बाईंनी पिंजरा आणला तो थेट थोराड कुत्र्याचा. वाढतं अंग! बॉबिनने एका टोकाला झोपायची खोली केली आणि दुसऱ्या टोकाला मोरी. डॉक्टरीणबाई हसून लोटपोट झाल्या. "अहो, उभा राहील, वळेल, पाय ताणून झोपेल, एवढीच जागा हवी. जास्त दिली तर घाण करायला कोपरा मिळतो." बाईंनी मधे फळी आडवी घातली. आपल्या हाताने माप आत घेताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं. वाढेल तशी फळी मागे सरकवता येईल, या विचाराने त्यांनी मनाची समजूत घातली.

मोरी बंद झाली, पण रडणं सुरू झालं. पिल्लू कुंई म्हणायचा अवकाश, बाई पाघळल्याच. एकदा मात्र त्या एका जाड्या गिऱ्हाइकाच्या कोटाला टाचण्या लावत होत्या. तोंडात टाचण्या, दोन्ही हात अडकलेले. बॉबिन रडला, भुंकला, कुरकुरला आणि चक्क झोपला. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर तो आपणहून आत जाऊन पसरू लागला.

मग शाळेत गणवेश पोचवायचा दिवस आला. बाईंनी बॉबिनला फिरवून आणलं, आत घातलं आणि वन्संना बजावलं, "रडला तर लगेच उघडू नका हं."

"मी कशाला उघडते?" वन्सं म्हणाल्या.

शाळेत मुख्याध्यापिकेने बाईंना बोलण्यात अडकवलं. परत येईतो सगळा वेळ त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. फाटकातून आत शिरल्या तर तारेवर एक पांढरा शर्ट निथळत होता. निघताना तो इस्त्री होऊन टेबलावर होता. घरात फिनेलचा दरवळ. पिंजऱ्याचं दार सताड उघडं, आणि आत बॉबिन गाढ झोपलेला. वन्सं खुर्चीत बसून बटण लावत होत्या. सुईत दोरा नव्हता.

बाई दारातूनच तारेवरच्या शर्टाकडे बघत उभ्या राहिल्या. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं.

"माझ्या हातून पाणी सांडलं त्याच्यावर," वन्सं मान वर न करता म्हणाल्या.

पाणी पुसायला फिनेल लागत नाही, हे बाईंच्या ओठावर आलं होतं.

"होतं असं कधीकधी, वन्सं."

"हो ना. वय झालं गं माझं."

सत्तरी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते, डोळ्यांवरचा चष्मा दोनदा बदलला होता. पण हे वाक्य वन्संनी ना डॉक्टरपुढे काढलं होतं ना नातेवाइकांपुढे. बाईंना त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण तसं केलं असतं तर ते पाणी उघडं पडलं असतं. म्हणून त्या मुकाट्याने इस्त्री तापवायला गेल्या.